पाहण्याआधीची पावती

फी आधी सांगते मी.
लिफ्टचं बटण दाबायच्याही आधी.
तिबिलिसीच्या उत्तर टोकाला, सोळा मजल्यांच्या इमारतीखाली,
जिथे पेटीत नाणं टाकल्याशिवाय लिफ्ट हलत नाही,
लामारा खुर्त्सिद्झे पर्स छातीशी धरून विचारते,
"नुसतं बघायचेसुद्धा पैसे?"
बघायचेच, मी म्हणते. सांगायचे नाहीत.

साठ लारी.
दोष निघाला तरी साठ, न निघाला तरी साठ.
"आणि काहीच निघालं नाही तर?"
तर काहीच निघालं नाही, हे कळल्याचे.

तिच्या जावयाने घराला बाहेरून एक खोली चिकटवली आहे,
लोखंडी पायांवर.
खालच्यांनी आधी, मग यांनी, मग वरच्यांनी,
प्रत्येकाने आपल्या ऐपतीच्या लोखंडाची.
रस्त्यावरून पाहिलं तर
इमारतीला कुणी नंतर खिसे शिवलेत असं वाटतं,
आणि खिशांत माणसं झोपलेली.

मी पूर्वी अशी नव्हते.
सरकारी नोकरी सोडली, स्वतःचा शिक्का करून घेतला,
आणि तीन वर्षं शेजाऱ्यांकडून एक पैसा घेतला नाही.
ज्यांच्याकडे मीठ मागायचं त्यांना बिल कसं द्यायचं?

गुरामची बाल्कनी मी स्वयंपाकघरातून पाहिली,
कॉफी पीत.
त्याच्या बायकोने हिरव्या अक्रोडांचा मुरंबा काढला होता,
काळा कुळकुळीत, एकेक अक्रोड डोळ्याएवढा.
"ठीक दिसतंय," म्हणाले मी.
दोन शब्द. फुकटचे.
फुकटचे म्हणून खाली वाकले नाही,
फुकटचे म्हणून हातोडी पिशवीतच राहिली,
गंजाचा पापुद्रा जिथे सुटतो तिथे
नख लावून पाहिलं नाही.

मार्चमध्ये बाल्कनी उतरली.
तेव्हा तिच्यावर कुणी नव्हतं:
दोन खुर्च्या, मुलाची सायकल, मुरंब्याच्या उरलेल्या बरण्या.
गुराम मला काहीच बोलला नाही.
बोलणार कशाच्या जोरावर?
पैसे कुठे दिले होते त्याने.
त्याचं ते गप्प बसणं
मला आजही परवडत नाही.

आणि वाखुश्ती.
त्याच्या नव्या टॉवरच्या पायाचा अहवाल हवा होता.
पाकिटात मी सांगितलेल्या रकमेच्या तिप्पट.
"एवढे कशाचे?"
"घाईचे," म्हणाला.
घाईला इतकं वजन नसतं.
मी जास्तीचे मोजून परत केले,
त्याने ते घेतले, आणि कामही परत घेतलं.
दुसऱ्या कुणाचा तरी शिक्का बसला.
टॉवर उभा आहे, खोटं का बोलू,
गुलाबी, तळमजल्यावर औषधांचं दुकान.
मी तिथे औषधं घेत नाही. दोन चौक लांब जाते.
याला तत्त्व म्हणवत नाही. पाय दुखतात, एवढं खरं.

हिशेब माझा अजून पक्का नाही.
साठ लारी म्हणजे लामाराच्या पेन्शनचा मोठा लचका.
चाळीस घेतले असते. घेते कधी कधी.
पण परवाच शिकून आलेला तोर्निके
खोलीचं भाडं भरतो याच कामावर;
मी दयाळू झाले की त्याचं दुपारचं जेवण जातं.
आणि दया तरी कुणाची?
गेल्या वर्षी एका म्हातारीचे पैसे सोडले,
तर तिने महिनाभर माझ्या दारात टोमॅटो ठेवले,
एक दिवस न चुकता,
जणू मीच तिला कर्जात ढकललं होतं.

"तीस आता, तीस नाताळानंतर," लामारा म्हणते.
चालेल.
मी भिंतीवर पावतीपुस्तक टेकवून लिहिते.
ती कागद दोनदा वाचते, घडी घालते,
आणि तिचा आवाज बदलतो:
"नीट बघ हं. कोपऱ्यातही."
गुराम असं कधी म्हणाला नव्हता.

लिफ्टच्या पेटीत नाणं टाकायला मी हात पुढे करते.
ती तो बाजूला सारते.
"हे तरी माझं."
दार लागतं. दोर करकरतो.
सातव्या मजल्यापर्यंत मी ठरवत राहते,
ते नाणं पावतीत धरायचं की नाही.